'कुत्रा रात्री अंगणात बांधा' सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

'जंगलाजवळच्या घरात लहान कुत्रा आणलाय? हे सात उपाय करा आणि निर्धास्त राहा' असा एक मेसेज सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. ठाण्याजवळ येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी राहायला गेलेल्या आमच्या मावशीकडे परवा तीन महिन्यांचं पॉमेरेनियन पिल्लू आलं आणि संध्याकाळपर्यंत तिला तिघांनी हा मेसेज पाठवला. तिने लगेच साखळी आणि डांबरगोळ्या मागवल्या. दोन्ही परत करायला सांगितलं आहे, पण असे किती जण मागवत असतील?

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. एक, पहिल्या रात्रीपासून कुत्रा अंगणात बांधा, त्याच्या भुंकण्याने बिबट्या फिरकत नाही. दोन, गळ्यात काटेरी पट्टा घाला. तीन, घराभोवती डांबरगोळ्या टाका आणि फिनेल शिंपडा, साप येत नाही. चार, साप चावलाच तर वरच्या बाजूला दोरी करकचून बांधा, हळद-तूप पाजा. लहान कुत्र्याला इंजेक्शनही अर्धंच पुरतं. पाच, गोचिडीसाठी रोज लसूण खायला द्या. सहा, आल्याबरोबर मोकळा सोडा, त्याला आपोआप हद्द कळते. सात, घरात राहणाऱ्या कुत्र्याला रेबीजची लस लागत नाही.

पहिल्या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण त्याने कुत्रा मरतो. बिबट्या कुत्र्याला घाबरत नाही, बिबट्या कुत्रा खातो. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, म्हणजे शेतं, ऊस आणि वस्त्या असलेल्या भागात, वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचा आहार तपासला. 'ओरिक्स' या संशोधनपत्रिकेत तो अभ्यास छापून आला आहे. बिबट्याने खाल्लेल्या भक्ष्याचं वजन धरलं, तर त्यात ८७ टक्के माणसाच्या आसऱ्याने राहणारी जनावरं होती आणि त्यात पहिला नंबर कुत्र्याचा, ३९ टक्के. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरी शेळ्यांचा वाटा ११ टक्केच. शेळीचं मांस बिबट्याला आवडत नाही असं काही नाही. शेळ्या रात्री गोठ्यात कोंडलेल्या असतात आणि कुत्रे बाहेर असतात. जी शेळी आत गेली ती वाचली, जो कुत्रा बाहेर राहिला तो गेला. मेसेज आपल्या पिल्लाला नेमकं त्या बाहेरच्या जागी नेऊन बांधायला सांगतोय, वर साखळी घालून, म्हणजे पळायचीही सोय नाही.

भुंकण्याबद्दल अर्धी गोष्ट खरी आहे, ती मान्य करतो. कुत्र्याला बिबट्याची चाहूल आपल्या आधी लागते आणि तो भुंकला की घरातली माणसं सावध होतात. पण हे काम तो खिडकीच्या आतून तितकंच करतो. अंगणातल्या भुंकण्याने बिबट्याला फक्त भक्ष्य कुठे आहे ते कळतं. तो दबकत येतो, मानेला धरतो, आणि तीन-चार किलोचं जनावर तोंडात घेऊन सहा फुटी भिंत सहज पार करतो. तुम्ही काठी शोधेपर्यंत सगळं संपलेलं असतं. शिवाय अंधारात काठी घेऊन त्याच्यामागे धावणारा माणूस स्वतः संकटात सापडतो, आणि एकदा सहज शिकार मिळालेल्या अंगणात बिबट्या पुन्हा येतो. त्या अंगणात दुसऱ्या दिवशी मुलं खेळणार असतात.

पिल्लू बाहेर जातं त्यामागचं खरं कारण वेगळंच असतं. पहिल्या दोन-तीन रात्री ते रडतं, घरच्यांची झोप मोडते, आणि तिसऱ्या रात्री कोणीतरी म्हणतं, 'बाहेर बांधा, सवय होईल.' रडणं थांबवायचा उपाय आत आहे. पिल्लाला उभं राहता येईल आणि वळून झोपता येईल एवढाच पिंजरा घ्या, मोठा नको. मोठ्या पिंजऱ्यात ते एका कोपऱ्यात शी-शू करतं आणि दुसऱ्यात झोपतं. पिंजऱ्याच्या तीन बाजू चादरीने झाका. आधीच्या घरून त्याच्या आईच्या वासाचं फडकं मागून घ्या आणि ते पहिला आठवडा धुऊ नका. पिंजरा आपल्या पलंगाला लागून ठेवा. पिल्लू कुरकुरलं की हात खाली सोडून बोटं जाळीशी ठेवा. बोटं हुंगत दोन-चार मिनिटांत ते पुन्हा डोकं टेकतं. आठवड्याने पिंजरा रोज हातभर दाराकडे सरकवत न्या. रात्रीचं खाणं सातला, पाणी साडेआठपर्यंत, शेवटची शू साडेदहाला. तीन महिन्यांचं पिल्लू सलग तीन-चार तासच धरू शकतं, त्यामुळे दोनच्या सुमाराला एकदा उठावं लागतं. त्या वेळी बाहेर जाऊ नका. गॅलरीत किंवा मोरीत पसरट ट्रेमध्ये माती आणि थोडं गवत ठेवा. पिल्लाच्या पायाला मातीचा स्पर्श ओळखीचा असतो, फरशीपेक्षा ते तिथे लवकर शिकतं. खाणं आधीच्या घरात होतं तेच चालू ठेवा आणि बदलायचं असेल तर सात-आठ दिवसांत थोडं थोडं बदला. एकदम बदललं की जुलाब लागतात आणि रात्री चार वेळा उठावं लागतं.

ज्यांच्या घरात खरोखर जागा नाही, त्यांनी निदान पडवीत बंद पिंजरा करावा. कोंबड्यांची जाळी बिबट्या फाडतो. जाड वेल्डमेशच, म्हणजे वेल्डिंग केलेली लोखंडी जाळीच लागते, आणि फट दोन इंचांपेक्षा कमी, नाहीतर पंजा आत जातो. वरून छप्पर हवंच. नुसत्या चार बाजूंचा पिंजरा बिबट्याच्या दृष्टीने उघडाच आहे. तळ सिमेंटचा, पिंजरा भिंतीला बोल्टने पक्का आणि कडीत अडकवलेला हुक. एवढा खर्च करायचा नसेल तर कुत्रा स्वयंपाकघरात झोपू द्या, त्याला काही बिघडत नाही. सूर्य मावळल्यापासून उजाडेपर्यंत बाहेर न्यायचंच असेल तर दोन माणसं, टॉर्च आणि सहा फुटांची दोरी. लांब सुटणारी दोरी नको. उरलेलं अन्न कुंपणाबाहेर टाकू नका. त्यावर भटके कुत्रे आणि डुकरं येतात, आणि त्यांच्यामागे बिबट्या.

काटेरी पट्ट्याचं एवढं खरं की डोंगरातले मेंढपाळ आपल्या कुत्र्यांना असे पट्टे घालतात आणि मोठ्या कुत्र्याचा जीव त्याने वाचू शकतो, कारण मानेची पकड बसत नाही आणि कुत्रा उलटून लढू शकतो. तीन किलोचं पॉमेरेनियन काय लढणार? त्याला पाठीला धरून उचललं की काटे गळ्यातच राहतात. वर तो जड पट्टा पिल्लाची कातडी घासून जखम करतो.

आता सापाचं. डांबरगोळ्या म्हणजे नॅफ्थलीन. त्याने साप येत नाही हे कोणी दाखवलेलं नाही. साप उंदीर आणि बेडकामागे येतो, गोळीला वळसा घालून जातो. पिल्लू मात्र पांढरी गोल वस्तू तोंडात घेतंच. नॅफ्थलीनने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. उलट्या, पांढरट किंवा तपकिरी पडलेल्या हिरड्या, गडद लघवी ही त्याची लक्षणं. एवढ्याशा कुत्र्याला एक गोळीही धोक्याची. फिनेल पंजांना लागतं आणि पंजे चाटल्यावर पोटात जातं. साप दूर ठेवायचा तर उंदीर कमी करा. कुत्र्याची थाळी वीस मिनिटांत उचला, रात्रभर बाहेर ठेवू नका. घरापासून दोन मीटरपर्यंत गवत कापलेलं ठेवा, लाकडाची मोळी भिंतीला लावून न रचता विटांवर उचलून ठेवा, मोरीच्या तोंडाला जाळी आणि दाराखालच्या फटीला रबरी पट्टी लावा. पावसाळ्यात हे आधी करा, कारण बिळात पाणी शिरलं की साप कोरड्या जागेच्या शोधात निघतात. मण्यार तर रात्री घरातच शिरते आणि तिचा दंश अनेकदा दुखतही नाही.

चौथा मुद्दा पहिल्याइतकाच घातक आहे. दोरी करकचून बांधली की घोणस-फुरशाच्या दंशात आधीच सुजलेला पाय कुजायला लागतो. नाग-मण्यारीच्या दंशात गिळायची ताकद जाते, तेव्हा पाजलेलं तूप श्वासनलिकेत उतरतं. मग डॉक्टरपर्यंत पोचलेला कुत्रा न्यूमोनियाने जातो. अर्ध्या इंजेक्शनची गोष्ट तर पूर्ण उलटी आहे. प्रतिविष किती द्यायचं हे शरीरात शिरलेल्या विषावर ठरतं, कुत्र्याच्या वजनावर नाही. साप समोर छोटा कुत्रा आहे म्हणून विष कमी सोडत नाही. तेवढंच विष लहान शरीरात जातं, म्हणून छोट्या कुत्र्याला मोठ्याइतकं, कधी जास्तच लागतं. औषध माणसांना देतात तेच असतं: नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारांवरचं. बाटलीतली पावडर १० मिलिलिटरमध्ये विरघळवून सलाइनमधून हळूहळू देतात, कारण त्याची ॲलर्जी उठू शकते. हे घरी करायचं काम नाही.

दंश झाला तर एवढंच करा. गळ्यातला पट्टा आणि अंगावरचा हार्नेस काढा, तोंडावर किंवा मानेवर दंश असेल तर सूज वाढते आणि पट्टा आवळतो. पिल्लाला चालू देऊ नका, उचलून टोपलीत किंवा मांडीवर स्थिर ठेवा. जखम चिरू नका, चोखू नका. वेळ लिहून ठेवा. गाडीतूनच जनावरांच्या डॉक्टरांना फोन करून प्रतिविष आहे का ते विचारा, नसेल तर जिथे आहे तिथे थेट जा. साप मारायला किंवा पकडायला मागे जाऊ नका, दुरून फोटो मिळाला तर बरा. हा फोन कुठे करायचा हे आजच शोधून नंबर फ्रिजवर चिकटवा, कारण सगळ्याच दवाखान्यांत प्रतिविष नसतं आणि रात्री उघडा दवाखाना मिळणं आणखी अवघड.

लसणाबद्दल फार बोलायची गरज नाही. तोही तांबड्या पेशी फोडतो, आणि गोचिडीतून होणारा बेबेसिओसिस हा आजारही त्याच पेशी फोडतो, म्हणजे दुहेरी मार. आधी पिल्लाचं वजन करून डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे गोळी किंवा थेंब घ्या. फिट येत असतील तर ते आवर्जून सांगा, काही गोळ्या अशा कुत्र्यांना चालत नाहीत. फिरून आल्यावर कानाच्या पाळ्या, बोटांच्या बेचक्या, काख आणि पट्ट्याखाली बोट फिरवा. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, रॉकेल लावू नका. हातमोजे घाला. सिंधुदुर्गात दोडामार्गला २०१६ मध्ये माकडतापाची साथ आली होती आणि तो माणसाला मुख्यतः गोचिडीतूनच होतो.

आल्याबरोबर मोकळा सोडला तर नव्या जागेत बिथरलेलं पिल्लू पळतं, आणि घर कुठे हे त्याला अजून माहीतच नसतं. वासावरून हद्द कळते हे खरं, पण दोरीला बांधून. पहिले दोन आठवडे दिवसा तीन वेळा, त्याच वाटेने, कुंपणाच्या आतून फेरी मारा. पट्ट्याऐवजी हार्नेस वापरा, घाबरलेलं पिल्लू मागे सरकून पट्ट्यातून डोकं काढतं. माकडांची टोळी आली की आत घ्या आणि भुंकू देऊ नका, पिल्लू असलेली माकडीण खाली उतरून थप्पड मारते.

रेबीजबद्दल 'घरातच असतो' हे कारण चालत नाही. मुंगूस, कोल्हा, भटका कुत्रा अंगणात येतो. पहिली लस साधारण तीन महिन्यांची असताना, मग डॉक्टर सांगतील त्या तारखेला बूस्टर. पार्व्हो आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजारांची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने चालते. ती पूर्ण होईपर्यंत इतर कुत्रे फिरतात त्या जागी पिल्लू जमिनीवर ठेवू नका. डिस्टेंपर जंगलात शिरतो तेव्हा काय होतं ते २०१८ मध्ये गीरच्या सिंहांनी भोगलंय.

बिबट्या दिसलाच तर कुत्रा आत घ्या, दारं लावा, दिवे लावा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. बाहेर जाऊन त्याचा व्हिडिओ काढू नका.