"साडेचार हजारात वाळूची पोती फिरवली" या रिव्ह्यूला मालकांचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल सॉरी, मनापासून. शिकवताना माझे बाबा तुमच्यावर ओरडले, अरे-तुरे केलं, ते चुकलंच. चहा मिळाला नाही तेही मान्य, टपरीवाला गावाला गेला होता.

पण सर, पोत्यांचं तेवढं बोलू द्या.

तुम्ही लिहिलंय की साइडकार (बाइकच्या कडेला जोडतात ती एका चाकाची बसायची गाडी) लावलेली बाइक चालवायला शिकायला गेलो तर ४,५०० रुपये घेऊन पहिला अख्खा रविवार वाळूची पोती बसवून शंकूभोवती फिरवलं, बायकोला बसू दिलं नाही, एक म्हातारा नुसता ओरडत होता, आणि मुंबईत दुसरा क्लास मिळत नाही म्हणून यांचं फावतंय. वाचणाऱ्याला वाटेल आम्ही पोती भाड्याने देतो.

ती तीन पोती आहेत. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, बाबांनी स्वतः दाभणाने शिवलेल्या. प्रत्येकी २० किलो, आम्ही शिकवतो त्या ट्रकच्या यार्डाच्या बाहेरच्या भंगारवाल्याच्या काट्यावर तोलून घेतलेल्या. तिन्ही मिळून ६० किलो, म्हणजे बसलेल्या एका माणसाचं वजन. पावसाळ्यात वाळू भिजली की वजन वाढतं, म्हणून आत प्लास्टिकची पिशवी आहे. एवढी काळजी मी माझ्या डब्याची घेत नाही.

आणि ती लागतातच. आपल्याकडे गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात म्हणून साइडकारही डावीकडे लागते. डावं वळण घेतलं की सगळा जोर उजवीकडे जातो आणि साइडकारचं चाक जमीन सोडतं. ती रिकामी असली तर वीसच्या वेगातसुद्धा सोडतं. रेस दिली की गाडी डावीकडे ओढते, कारण ढकलणारं चाक बाइकचं आणि साइडकार नुसती ओझं. ब्रेक मारला की उलटं. आमच्या साइडकारच्या चाकाला ब्रेक नाही, ती पुढे जायला बघते आणि गाडी उजवीकडे फिरते. रस्त्यावर उजवीकडे काय असतं ते तुम्हाला माहीत आहे.

तुम्ही दहा वर्षं बुलेट चालवता म्हणालात. खरं सांगते, अशाच लोकांना जास्त जड जातं. बुलेट वळवताना अंग आपोआप झुकतं. साइडकार झुकत नाही, तिचं हँडल गाडीच्या स्टिअरिंगसारखं वळवावं लागतं. हे हाताला कळेपर्यंत शेजारी माणूस बसवत नाही, कोणाचाच. पोतं हलत नाही आणि फोटो काढायला मधेच वाकत नाही. वहिनी वाकल्या असत्या असं नाही म्हणत मी, पण लोक वाकतात.

आता ओरडण्याचं. साडेनऊच्या सुमाराला तुमच्या मित्राला व्हिडिओ घ्यायचा होता. फ्रेममध्ये पोती दिसतात म्हणून तुम्ही आमच्या पोऱ्याला सांगून दोन पोती खाली उतरवलीत. मी पावत्या लिहीत होते, बाबा नळावर गेले होते. तिसऱ्या शंकूला डावं वळण होतं, तिथे चाक वीतभर वर आलं आणि तुम्ही हँडल तसंच धरून बसलात. तेव्हा बाबा ओरडले, "अरे, हँडल सरळ कर, रेस सोड!" तुम्ही सोडलीत, चाक धाडकन खाली आलं आणि गाडी उभ्या ट्रकच्या फाळक्यापासून चार फुटांवर थांबली. त्या वेळी "सर, कृपया हँडल सरळ करा" म्हणायला सवड नव्हती. तो व्हिडिओ तुमच्या मित्राकडे असेलच. रिव्ह्यूबरोबर तोही टाका की.

"अख्खा रविवार" हेही जरा बघा. बॅच सात ते दहा. दहानंतर यार्डात माल भरायला ट्रक लागतात, ट्रान्सपोर्टवाले आम्हाला पाच मिनिटंसुद्धा जास्त देत नाहीत. तुम्ही आलात सात पन्नासला. लोकलचा मेगाब्लॉक होता म्हणालात. हार्बरचा मेगाब्लॉक अकराच्या सुमाराला सुरू होतो सर, त्याच लाइनने येऊन मी जीटीबी नगरला उतरते. आलात तेही चपला घालून. मग बाबांनी स्वतःचे बूट काढून दिले आणि ते दोन तास स्लिपरवर उभे राहिले. रिव्ह्यूत हे कुठे दिसलं नाही.

सर्टिफिकेट मिळत नाही हे फोनवरच सांगितलं होतं. लायसन्स आम्ही देत नाही, टू-व्हीलरचं लायसन्स तुमच्याकडे आधीच लागतं, आम्ही फक्त सराव करून घेतो. तुमच्या बुलेटला साइडकार लावणार असाल तर आधी आरटीओची परवानगी घ्या आणि आरसी बुकात नोंद करून घ्या. नाहीतर उद्या काही झालं की इन्शुरन्सवाले हात वर करतील.

राहिलं ते "फावतंय". तो शब्द मी बाबांना वाचून दाखवला नाही. दुसरा क्लास मिळत नाही हे खरं आहे. तुम्हीच सांगितलं होतंत की तीन ड्रायव्हिंग स्कूलला फोन केले आणि एकजण म्हणाला, रिक्षा शिकवतो, तीपण तीन चाकीच. रिक्षाची मागची दोन चाकं दोन्ही बाजूंना सारखी असतात, वजन मधोमध. साइडकारमध्ये दोन चाकं एका रेषेत आणि तिसरं लांब एका कडेला. दोन्हींचं हँडल सारखं दिसतं, तेवढंच. पण दुसरं दुकान नाही म्हणून आमच्याकडे रांग लागलीय असं समजू नका. महिन्याला चार-पाच माणसं येतात, पावसाळ्यात तीही नाहीत. यार्डाचं भाडं, पेट्रोल आणि पोऱ्याचा पगार जाऊन काय उरतं ते मी इथे लिहीत नाही.

येणाऱ्यांतले निम्मे जण शौकाने येत नाहीत. पायात जोर नसलेली माणसं येतात, स्कूटरला मागे दोन जादा चाकं लावलेली असतात. तीही गाडी झुकत नाही, वळणावर बाहेर फेकते आणि मागची रुंदी लक्षात न राहिल्यामुळे फुटपाथला घासते. त्यांच्याकडून आम्ही निम्मी फी घेतो. हे सांगायचं नव्हतं, पण फावण्याचा विषय तुम्ही काढलात.

ज्यांना तुम्ही म्हातारा म्हटलंत ते ७१ वर्षांचे आहेत. लॅम्ब्रेटा भांडुपला बनायची तेव्हापासून स्कूटरला साइडकार लावत आलेत. आई-बाप सीटवर, दोन पोरं आणि पाहुण्यांची पिशवी साइडकारमध्ये, अशी कुटुंबं तेव्हा रविवारी चौपाटीला जायची. हात आता थोडा थरथरतो, पण साइडकार सरळ बसलीय की नाही हे अजून सुतळी ताणून नुसत्या डोळ्याने सांगतात.

तरीही तुमच्या सूचना घेतल्या आहेत. वेळेचं नियोजन बघतो. पोती कशासाठी ते पहिल्या दहा मिनिटांत नीट समजावून सांगू, ते राहून जातं. पोत्यांना कापडी कव्हर शिवून घेतेय, फोटोत बरं दिसेल. हेल्मेटचंही काहीतरी करतो. बाबांना सगळ्यांना "सर" म्हणायला सांगितलंय, बघू.

एक शेवटचं. ४,५०० ही दोन रविवारांची फी आहे. दुसऱ्या रविवारी पोती काढून माणूस बसवतो, आणि त्या रविवारी तुम्ही आलाच नाहीत, फोनही उचलला नाहीत. पैसे परत हवे असतील तर २,२५० देते. नाहीतर तुमचा दुसरा रविवार वहीत तुमच्या नावावर अजून बाकी आहे. वहिनींना घेऊन या, त्यांनाच बसवू. सात म्हणजे सात, आणि बूट घालून.