वकील कशाला, लिफ्टमधले काका आहेत ना!

घरात रोजची भांडणं सुरू झाली आणि आता काही जमायचं नाही असं वाटायला लागलं की लगेच वकील गाठू नका, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात ते उगाच नाही. शहाण्याने लिफ्टने जावं. घोडबंदर रोडच्या कुठल्याही टॉवरमध्ये तळमजला येईपर्यंत एक काका भेटतातच, त्यांच्या साडूच्या मुलीचं "महिन्याभरात मोकळं" झालेलं असतं, कसं झालं ते साडूलाही माहीत नसतं पण काकांना माहीत असतं.

काकांचा पहिला उपाय म्हणजे स्टॅम्प पेपर. पूर्वी शंभरात काम व्हायचं, २०२४ पासून पाचशेचा लागतो, पण संसार मोडायचा म्हटल्यावर चारशेकडे काय बघायचं! छत्रीखालच्या टेबलावर टायपिस्टकडे मजकूर तयारच असतो, "राजीखुशीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता लिहून देतो ऐसा जे", फक्त नावं बदलायची, दोन साक्षीदार टपरीवरून बोलवायचे, गोल शिक्का मारला की झाला घटस्फोट. आता हिंदू विवाह कायद्यात लग्न कोर्टाच्या हुकूमनाम्यानेच मोडतं, एखाद्या समाजात रूढीने काडीमोड होत असेल तर ती रूढीसुद्धा सिद्ध करावी लागते, असल्या किरकोळ गोष्टी मनावर घेऊ नका. तो कागद लॅमिनेट करा आणि बिनधास्त दुसरं लग्न करा, पहिलं लग्न कायद्याने शाबूत असताना दुसरं केलं तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तेवढाच संसारापासून ब्रेक.

कोणी म्हणेल दोघांची संमती असेल तर त्याच कायद्यात कलम तेरा बी आहे की, वर्षभर वेगळे राहा, अर्ज करा, मग सहा महिने थांबा. हे सहा महिने योग्य केसमध्ये माफ होऊ शकतात असं सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्येच सांगितलंय. पण काकांनी त्याच्याही पुढचा व्हिडिओ पाहिलेला असतो, "२०२३ चा निकाल, आता थांबायची गरजच नाही!" तो निकाल राज्यघटनेच्या कलम १४२ खालचा, आणि तो अधिकार फक्त सुप्रीम कोर्टाचा आहे, ठाण्याच्या फॅमिली कोर्टाचा नाही, पण व्हिडिओ चार मिनिटांचा आणि काका दोन मिनिटांनंतर फॉरवर्ड करतात.

पोटगीचं तर एकदम सोपं. नोटीस आली की राजीनामा द्या, फ्लॅट आईच्या नावावर करा आणि नवीन कारचा फोटो मात्र स्टेटसला ठेवा. २०२० पासून दोघांनाही मालमत्ता आणि देण्याघेण्याचं शपथपत्र द्यावं लागतं, त्यात खरं लिहायचं असतं असा एक गैरसमज वकील लोक पसरवतात.

आता कस्टडी. इथे कायदा म्हणतो मुलाचं हित सगळ्यात वर, पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे, पुढे परिस्थिती बघून. तुम्ही मात्र ही मॅच आहे असं समजा. मुलाला तयार करा. जजसाहेबांनी चेंबरमध्ये बोलावलं की सात वर्षांच्या पोराने "मला तिकडे मानसिक छळ होतो" असं न अडखळता बोललं पाहिजे, आणि मानसिक छळ म्हणजे काय बाळा असं विचारलं की "ते आज्जीला माहितीये" एवढं प्रामाणिक उत्तर तयार असू द्या. रविवारी भेटायची वेळ ठरली असेल तर पोराला नेरूळच्या वंडर्स पार्कात दोन तास उशिरा पोहोचवा, वर ट्रॅफिक होतं म्हणा, रविवारी सकाळी पाम बीच रोडला कुठलं ट्रॅफिक ते विचारायची समोरच्याची हिंमत होत नाही, झालीच तर त्याचाही व्हिडिओ काढा. पोरगं दोन्ही घरी "तिकडे काय खाल्लं, कोण आलं होतं" ही उलटतपासणी देऊन देऊन इतकं तयार होतं की पुढे वकिलीची सनद घ्यायला वेगळं शिकायला नको.

दत्तक घ्यायचं असेल तर कारा म्हणजे केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवर नाव नोंदवा, होम स्टडीला सोशल वर्कर येणार, मग नंबरची वाट बघा, कोण करतं एवढं? काकांच्या ओळखीचं नर्सिंग होम आहे, तिथे "सेटिंग" होतं. मूल विकणं किंवा विकत घेणं यात पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड आहे, आणि त्या वेळी काका नेमके गावी गेलेले असतात.

आणि हो, जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तिकडे चुकूनही फिरकू नका. १९८७ च्या कायद्याने बायकांना उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो म्हणे. फुकटच्या वकिलाची क्वालिटी ती काय असणार, असं म्हणा आणि काकांना फोन लावा, ते एक पैसा घेत नाहीत.