रोबोटिक्समध्ये पदव्युत्तर व्हा, पण खोकं उघडू नका

सर, मॅडम, अभिनंदन! तुम्ही शाळेत रोबोटिक्स शिकवता. म्हणजे तुम्ही मूळचे गणिताचे, विज्ञानाचे किंवा माझ्यासारखे चित्रकलेचे आहात आणि विषयवाटपाच्या दिवशी रजेवर होता. आता पदव्युत्तर दर्जाचा ऑनलाइन कोर्स करा म्हणून वरून निरोप आलाय. करा, जरूर करा. मी केलाय. प्रमाणपत्र आहे माझ्याकडे, क्यूआर कोडसकट.

आधी तास मोजा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तासांचा व्यावसायिक विकास करावा असं म्हटलंय. त्यातला विकास धोरणवाल्यांना लखलाभ, आपण ५० धरून चालायचं. व्हिडिओ लावा, आवाज बंद करा आणि शेजारच्या खिडकीत पोषण आहाराची माहिती भरायला घ्या. दर काही मिनिटांनी ‘पुढे’ तेवढं दाबावं लागतं. खरं तर एक सर्व्हो मोटर (सांगाल तेवढ्याच कोनात फिरणारी), तिला चिकटवलेली आइस्क्रीमची काडी आणि पाच ओळींचा प्रोग्रॅम एवढ्यात हे काम भागलं असतं. पण त्यासाठी खोकं उघडावं लागतं, आणि त्याकडे आपण येणारच आहोत.

पहिल्या घटकात गणितज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञ सेमूर पेपर्ट भेटतील. १९६७ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर मुलांसाठी लोगो ही संगणकभाषा तयार केली. पुढे जमिनीवर रेघा काढत फिरणारं यांत्रिक कासव आलं. मूल स्वतःच्या हाताने काही घडवताना शिकतं, हे त्यांचं म्हणणं. आम्हाला ते ८४ स्लाइडांमधून शिकवलं. हातात काही दिलं नाही. कोर्सनंतरच्या चाचणीत मात्र अल्ट्रासॉनिक सेन्सर, म्हणजे आवाज सोडून अंतर मोजणारा, किती कंप्रतेवर चालतो हे विचारलं. ४० किलोहर्ट्झ, लिहून घ्या. आवाज जाऊन परत येतो, म्हणून अंतर काढताना वेळेला दोनने भागायचं असतं. हे का, ते वर्गात पोरं विचारतात, चाचणीत कुणी विचारत नाही. तेव्हा पाठ करायची गरज नाही.

आता खोकं. अटल टिंकरिंग लॅब मंजूर झालेल्या शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं, सहावी ते बारावीच्या मुलांनी हात काळे करावेत म्हणून. बाकीच्या शाळांना मिळतं ते एखाद्या दात्याने दिलेलं खोकं. आमचंही तसंच. आत पिवळ्या मोटरी, चाकं, प्रोग्रॅम चालवणारा आर्डुइनोचा निळा बोर्ड, रंगीत वायरींचा गुंता आणि दोन डोळ्यांचा तो अंतर मोजणारा सेन्सर. हे सगळं डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत, नगासकट चढवलेलं आहे. किल्ली मोठ्या सरांच्या ड्रॉवरमध्ये आणि ड्रॉवरची किल्ली क्लार्कभाऊंच्या कमरेला. समजा पोरांनी प्लस-मायनस उलटं लावलं आणि शंभर-सव्वाशेचा सेन्सर जळला. तर तुम्हाला निर्लेखनाचा, म्हणजे तो नोंदवहीतून कमी करण्याचा, प्रस्ताव करावा लागेल, तीन प्रतींत. आधी खुलासा द्यावा लागेल, तो वेगळा. न उघडलेल्या खोक्यातला सेन्सर कधीच जळत नाही, हे विज्ञान कोर्सवाल्यांनी सांगितलं नाही, म्हणून मी सांगतोय. वर्षातून एकदा, तपासणीच्या आदल्या दिवशी, धूळ पुसावी. पुरे.

पण शेवटी प्रकल्पाचा व्हिडिओ मागतात. तिथे माझी चूक झाली. मी खोकं उघडलं.

गाडी जोडली. प्रोग्रॅम कोर्सच्या पीडीएफमधून जसाच्या तसा उचलला. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावली. बोर्डावरचा दिवा लुकलुकला, चाक पाव वेढा फिरलं आणि सगळं विझलं. पुन्हा तेच. कोर्सच्या सुलभकांना (म्हणजे मार्गदर्शकांना) ग्रुपवर विचारलं. अंगठा आला आणि खाली ‘खूप छान सर’.

मग मी गाडीला पुढून काळा दोरा बांधला. आठवीतल्या पोराला म्हटलं, कॅमेऱ्यात येऊ नकोस, हळूहळू ओढ. त्याने दोरा खाली ठेवला आणि गाडी उलटी केली. याच्या बापाचं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. म्हणाला, “सर, ही बॅटरी रेडिओला ठीक. मोटरीला दम पुरत नाही, म्हणून बोर्ड सारखा बंद होऊन चालू होतोय.” दुसऱ्या दिवशी जुन्या पॉवर बँकेतले दोन सेल घेऊन आला. मोटरींना ते जोडले, बोर्डाला नऊ व्होल्ट ठेवली. तरी चाक ढिम्म! दोन मिनिटं डोकं खाजवलं आणि मग, “अहो सर, दोन्ही बॅटऱ्यांचा मायनस एकत्र जोडलाच नाही की!” एक काळी वायर टोचली. गाडी सुसाट सुटली आणि थेट मोठ्या सरांच्या बुटावर आदळली. सेन्सरची वायर तेवढी उलटी राहिली होती, तो जळला.

तुम्ही असं करू नका. दोरा वापरा. माझा व्हिडिओ दोऱ्याचाच गेला, कारण खऱ्या पळणाऱ्या गाडीच्या व्हिडिओत सरांचा आवाज आलाय आणि तो पोर्टलवर चढवण्याजोगा नाही. श्रेणी ‘अ’ मिळाली. सेन्सरचा खुलासा दिलाय, निर्लेखनाची तिसरी प्रत टाइप करतोय. पोरगा रोज मधल्या सुट्टीत येऊन विचारतो, “सर, किल्ली?”