गणसंख्या, ठराव आणि रविवारचे मटण

आमच्या चोवीस सदनिकांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत हजेरीच्या वहीवर सही करण्यासाठी कोणाकडे पेन आहे का, असे विचारले गेले आणि मी भाबडेपणाने खिशातले पेन पुढे केले. ज्याच्याकडे पेन असते त्याला लिहिता येत असावे आणि ज्याला लिहिता येते तो सचिवपदाला लायक असतो, असा तर्क तिथल्या तिथे लढवला गेला आणि आठवडाभरात मी संस्थेचा सचिव झालो. या पदाला मानधन नाही. बैठकीचा चहादेखील आमच्याच घरून जातो.

पुढे महिन्याभरात प्रशिक्षणाचे पत्र आले. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २४-अ मध्ये सभासदांच्या आणि समिती सदस्यांच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे, हे मला त्या पत्रावरून कळले. त्यासाठी दर सदनिकेमागे महिना दहा रुपये आम्ही आधीपासूनच भरत होतो, हेही तेव्हाच कळले. एवढे पैसे जमले आहेत तर ते कोणावर तरी खर्च व्हायला हवेत, या भावनेने अध्यक्षांनी स्वतःचे आणि माझे नाव कळवून टाकले.

प्रशिक्षण राजारामपुरीतल्या एका सभागृहात, रविवारी सकाळी दहा ते चार होते. रविवारी सकाळी कोल्हापूरच्या माणसाने मटणाच्या दुकानापुढे रांगेत उभे राहावे, असे कोणत्याही उपविधीत लिहिलेले नाही, तरीही या नियमाचे पालन सगळ्या उपविधींपेक्षा काटेकोरपणे होते. त्यातच शेजारच्या हॉलमध्ये कोणाचे तरी जावळ होते आणि अकराच्या सुमारास तिथून तांबड्या रश्श्याचा वास येऊ लागला.

सहकार खात्यातून निवृत्त झालेल्या व्याख्यात्यांनी आरंभीच विचारले, "आपल्या संस्थेचे उपविधी किती जणांनी वाचले आहेत?" आमच्या अध्यक्षांचा हात अर्ध्यापर्यंत वर गेला आणि मग डोके खाजवून खाली आला. त्यानंतर गणसंख्येचा विषय निघाला. सर्वसाधारण सभेला एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा वीस, यांपैकी कमी असतील तेवढे लोक लागतात. म्हणजे आम्हाला सोळा. शाहू स्टेडियमवर पेठांचा फुटबॉल सामना असला की तासभर आधी जागा धरणारी हीच माणसे सभेला मात्र सातच्या वर जमत नाहीत. तरीही आमची सभा कधी मोडलेली नाही, कारण अर्ध्या तासात गणसंख्या पूर्ण झाली नाही तर सभा तहकूब करून ती नंतर गणसंख्येविना घेता येते. ही तरतूद करणाऱ्याने आमच्या जिन्यात बसून अभ्यास केला असावा. सिंकिंग फंडासाठी, म्हणजे इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामांसाठीच्या निधीसाठी, बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का रक्कम दरवर्षी बाजूला ठेवायची असते, असे पुढे सांगण्यात आले. आमच्याकडे तो निधी नावाप्रमाणे केव्हाच बुडालेला आहे, म्हणून मी वहीत मान खाली घातली.

मग नमुना सभा झाली. विषय होता गळतीचा. गच्चीतून पाणी गळत असेल तर दुरुस्ती संस्थेने करायची. वरच्या न्हाणीघरातून खालच्या घरात गळत असेल तर तो खर्च संबंधित सभासदाचा. चिठ्ठ्या टाकून भूमिका वाटल्या गेल्या आणि आमच्या अध्यक्षांच्या वाट्याला खालच्या मजल्यावरचा पीडित सभासद आला. इथे वाचकांना सांगितले पाहिजे की, गेली तीन वर्षे ज्यांच्या न्हाणीघराचे पाणी खालच्या जोशीकाकूंच्या देवघरात ठिबकते आहे, ते आमचे अध्यक्षच होत. पण त्या दिवशी ते असे काही तळतळून बोलले, ओल आलेल्या भिंतीचे आणि भिजलेल्या देवांचे असे काही वर्णन त्यांनी केले, की शिवाजी पेठेतून आलेल्या एका गृहस्थांनी वरच्या सभासदाचे नळ तोडण्याची उपसूचना मांडली आणि मंगळवार पेठेतल्या गृहस्थांनी केवळ ती शिवाजी पेठेची म्हणून तिला विरोध केला. ही नमुना सभा आहे, याची आठवण व्याख्यात्यांना दोनदा करून द्यावी लागली. शेवटी वरच्या सभासदाने महिन्याभरात स्वखर्चाने दुरुस्ती करावी, असा ठराव सर्वानुमते संमत झाला. सूचक आमचे अध्यक्ष. इतिवृत्त लिहिणारा मी.

जेवणाच्या सुट्टीत पुरीभाजी खाता खाता मी म्हणालो, "अध्यक्षसाहेब, हाच ठराव आपल्या वहीत उतरवून घेऊ का?"

"अवो सेक्रेटरी, ते नाटक हुतं," ते शांतपणे म्हणाले. "नाटकातला राजा काय खरंच गादीवर बसतोय व्हय?"

दुपारच्या सत्रात समितीच्या निर्णयांना सर्व सदस्य संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्या जबाबदार असतात, हे सांगितले गेले तेव्हा सभागृहातली पेंग एकदम उतरली. 'संयुक्तपणे'पर्यंत कोणाचीच हरकत नव्हती. विरोध असेल तर तो इतिवृत्तात नोंदवून घ्या, असा उपाय व्याख्यात्यांनी सुचवला. पण आमच्याकडे विरोध बैठकीत होतच नाही, तो रात्री दहानंतर पार्किंगमध्ये होतो आणि तिथे वही नेण्याची पद्धत नाही.

चार वाजता प्रमाणपत्रे मिळण्याआधी सर्वांनी एका तक्त्यावर सह्या करायच्या होत्या. व्याख्यात्यांनी स्वतःचे खिसे चाचपले आणि विचारले, "कोणाकडे पेन आहे का?"

सभागृहात पन्नास-साठ सचिव आणि खजिनदार बसले होते. एकही हात खिशाकडे गेला नाही.