पहिले दोनच पालक? नको

जेनेटिक अल्गोरिदम म्हणजे उत्क्रांतीच्या धर्तीवर उत्तरांच्या पिढ्या घडवत चांगलं उत्तर शोधणारी पद्धत. त्यात प्रत्येक उत्तर म्हणजे एक क्रोमोसोम (इथे ०-१ बिटांची ओळ), फिटनेस म्हणजे त्याचे गुण, क्रॉसओव्हर म्हणजे दोन पालकांचे तुकडे जोडून मूल बनवणं, म्युटेशन म्हणजे अधूनमधून एखादा बिट पालटणं. यावरच्या पोस्टींमध्ये एक सल्ला हमखास फिरतो: ‘दर पिढीत फिटनेसने पहिले आलेले दोन क्रोमोसोम घ्या, त्यांचाच क्रॉसओव्हर करा. रूलेट (फिटनेसच्या प्रमाणात निवडीची संधी), टूर्नामेंट (चिठ्ठ्या टाकून काही जण घ्यायचे, त्यांतला वरचढ निवडायचा) ही पुस्तकी भानगड. विविधता घटली तर म्युटेशन वाढवा. असं केलं नाही, तर सर्वोत्तम उत्तर हातचं जातं.’ कोड छोटा होतो, म्हणून सल्ला खपतो.

‘उत्तम पालक, उत्तम संतती.’ समजा, पहिले दोन निघाले ११०१००१० आणि ११०००११०. फरक आहे फक्त चौथ्या आणि सहाव्या बिटात. क्रॉसओव्हर कुठेही करा, मुलं चारच प्रकारची होणार. त्यांतले दोन प्रकार म्हणजे पालकच. शक्यता २५६, आवाक्यात ४! पाचव्या जागी १ हवा असेल, तर तो कदाचित आठव्या क्रमांकाच्या क्रोमोसोमकडे होता. त्याला तुम्ही दारातूनच परत पाठवलंत.

‘म्युटेशन वाढवा.’ आठ बिटांना १/८ दर ठेवला, तर नेमके हवे ते तीनच बिट एकदम पालटण्याची शक्यता हजारात एक. टप्प्याटप्प्याने म्हणाल, तर मधला टप्पा फिटनेसमध्ये जरा मागे पडला की तुमचीच निवड त्याला कापते. दर आणखी चढवला की उरतो तो यादृच्छिक शोध.

‘पुस्तकी भानगड.’ रूलेटबद्दल हे थोडंफार पटतं. फिटनेस १, २, ३ असेल तर तिसऱ्याला ५० टक्के संधी. प्रत्येकात १०० मिळवा, तीच संधी ३४ टक्क्यांवर येते. प्रश्न तोच, निवड मात्र जवळजवळ चिठ्ठ्या टाकल्यासारखी. ऋण फिटनेसचं तर विचारूच नका. टूर्नामेंटला ही अडचण नाही, ती फक्त कोण वरचढ एवढंच बघते. शिवाय वरच्यांना किती झुकतं माप द्यायचं, हा निवडीचा दाब आपल्या हातात राहतो: गोल्डबर्ग आणि देब या संशोधकांच्या १९९१च्या सूत्राने, क्रॉसओव्हर-म्युटेशनशिवाय नुसती निवड चालू ठेवली तर १०० जणांच्या गटावर सर्वोत्तमाचा ताबा दोघांच्या टूर्नामेंटमध्ये साधारण ९ पिढ्यांत बसतो, सातांच्या टूर्नामेंटमध्ये जेमतेम ३.

एकच शिखर असलेल्या, म्हणजे वाटेत फसवं दुय्यम उत्तर नसलेल्या सोप्या प्रश्नात ‘पहिले दोन’ झटपट पोचतात, हे मान्य. इव्होल्यूशन स्ट्रॅटेजी या भावंड पद्धतीतही वरचेच निवडतात, पण तिथे म्युटेशनची पावलं स्वतःला जुळवून घेतात.

राहिलं ‘हातचं जातं’. त्यावर संशोधक डी जाँगने १९७५मध्येच एलिटिझम सुचवला: सर्वोत्तम क्रोमोसोम जसाच्या तसा पुढच्या पिढीत उतरवायचा. एका ओळीचं काम, आणि पालक कोण निवडता याच्याशी त्याचा संबंध नाही.