पट्टी सरकणं वेगळं, दुर्लक्ष वेगळं

खोलगट छाती वर उचलण्याच्या ‘नस’ (Nuss, हे एका सर्जनचं नाव) शस्त्रक्रियेतली प्रत्येक गुंतागुंत लेखात डॉक्टरांच्या माथी मारली आहे, ते पटलं नाही. छातीच्या हाडाखालून सरकवलेली धातूची पट्टी दोन-तीन वर्षं आत राहते. ती हलू शकते, जंतुसंसर्ग होतो, कुणाला निकेलची अ‍ॅलर्जी निघते. पण पट्टी हृदयाला खेटून जाते, हे आईबापांना आधी सांगायलाच हवं! माझ्या भाच्याच्या वेळी सही घेतली ती थिएटरच्या दारात, फॉर्म वाचूसुद्धा दिला नाही. पुरेशी माहिती देऊनच संमती घ्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच बजावलंय. आणि ऑपरेशननंतर पोर धाप लागतेय म्हणत असताना एक्स-रेही काढला नाही, तर तो निष्काळजीपणाच. अशा पालकांनी केसपेपर लेखी मागावेत, ७२ तासांत देणं डॉक्टरांना बंधनकारक आहे. ग्राहक आयोगात तक्रारीला मुदत दोनच वर्षं असते.