‘एकच गाडी, टोयोटाचा लोगो बघून घ्या’: हायब्रिडच्या त्या मेसेजला उत्तर

मारुतीची ग्रँड विटारा घ्यावी की टोयोटाची हायरायडर, असं कुणी घरच्या ग्रुपवर विचारलं की थोड्याच वेळात एक ठरलेला मेसेज येऊन पडतो. शब्द इकडेतिकडे होतात, मजकूर तोच: ‘दोन्ही एकच गाडी आहे, पण टोयोटाचा पत्रा जाड. हायब्रिड म्हणजे हायब्रिड, खालचं मॉडेल घेतलं तरी चालतं. 28 चं ॲव्हरेज, दोन वर्षांत पैसे वसूल. फक्त आठ वर्षांच्या आत विकून टाका, नाहीतर बॅटरीला पाच लाख. शिवाय हायब्रिडला टोल माफ.’

घराच्या खालोखाल सगळ्यात मोठी खरेदी गाडीची असते, आणि ती अशा पाच ओळींवर ठरताना बघून मला खरंच वाईट वाटतं. मेसेज पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण त्यातलं जेमतेम अर्धं वाक्य धड खरं आहे, बाकीची खिशाला लागतात.

‘दोन्ही एकच गाडी, पण टोयोटाचा पत्रा जाड’

पहिला भाग खरा. 2022 मध्ये दोन्ही गाड्या पाठोपाठ आल्या आणि दोन्ही कर्नाटकात बिडदी इथल्या टोयोटाच्या कारखान्यात बनू लागल्या. गाडीचा सांगाडा सुझुकीचा आहे, हायब्रिड यंत्रणा (पेट्रोल इंजिनाला विजेच्या मोटरची जोड) टोयोटाची. म्हणजे ज्याला लोक ‘टोयोटाचा पत्रा’ म्हणतात तो मुळात सुझुकीच्या आराखड्यावरचा, आणि ज्या ‘मारुती’ला नावं ठेवतात तिच्या वरच्या हायब्रिड मॉडेलच्या बॉनेटखाली टोयोटाचं इंजिन. व्हीलबेस दोन्हींचा 2600 मिमी, जमिनीपासूनची उंची 210 मिमी, टाकी 45 लिटरची. फरक नाकाडोळ्यांत आहे, आतल्या रंगसंगतीत आहे आणि कुठल्या व्हेरिएंटला काय दिलंय यात आहे. मुलांसाठी सीट बसवायची असेल तर आयसोफिक्सचे हूक दोन्हींत मागच्या कडेच्या दोन सीटांना आहेत. सहा एअरबॅग 2025 पासून दोन्हींच्या सगळ्या व्हेरिएंटना मिळू लागल्या. त्याआधीचं मॉडेल स्वस्तात मिळत असेल तर हे आधी तपासा.

यालाच जोडून एक फोटो फिरतो: ‘मारुतीला पाच स्टार मिळाले.’ ते तारे व्हिक्टोरिसचे आहेत. ती मारुतीचीच, हायब्रिड यंत्रणाही तीच, पण गाडी वेगळी. एका गाडीची क्रॅश टेस्ट दुसरीच्या नावावर चढत नाही.

मग मारुती आणि टोयोटा यांत निवडायचं कशावरून? सर्व्हिस सेंटरवरून. पूर्वी वॉरंटीत मोठं अंतर होतं: टोयोटा 3 वर्षं किंवा 1 लाख किमी देत असे, मारुती 2 वर्षं किंवा 40 हजार किमी. जुलै 2024 पासून मारुतीनेही 3 वर्षं, 1 लाख किमी केली, त्यामुळे तो मुद्दा संपला. आता उरतं ते वर्कशॉपचं अंतर. मारुतीचं जाळं तालुक्यापर्यंत पोचलंय, टोयोटाचं बहुतेक जिल्ह्याच्या गावापर्यंत. तुम्ही पुण्या-मुंबईत राहता आणि गाडी शहरातच फिरते, तर याने काही बिघडत नाही. पण दर सुट्टीला राजापूरला किंवा चंदगडला जाणारं घर असेल तर बिघडतं. एक खबरदारी मात्र घ्या: तालुक्याचं वर्कशॉप ऑइल बदलून देईल, हायब्रिडच्या हाय-व्होल्टेज भागाला हात लावणारा प्रशिक्षित माणूस तिथे असेलच असं नाही. बुकिंगच्या आधी तिथे फोन करून एवढं एक विचारा.

‘हायब्रिड म्हणजे हायब्रिड, खालचं मॉडेल चालतं’

मेसेजमधलं सगळ्यात महाग पडणारं वाक्य हेच. या दोन्ही नावांखाली दोन अगदी वेगळ्या गाड्या विकल्या जातात, आणि खरी निवड त्या दोघींत आहे. मारुती की टोयोटा हा प्रश्न त्यापुढे किरकोळ आहे.

खालच्या व्हेरिएंटमध्ये असतं ते माइल्ड हायब्रिड. 1.5 लिटरचं चार सिलिंडरचं सुझुकीचं इंजिन, ताकद 103 पीएस. त्याला एक छोटी मोटर जोडलेली असते. सिग्नलला इंजिन बंद झालं की ती ते पुन्हा चालू करते आणि पिकअप घेताना थोडा हातभार लावते. नुसत्या मोटरवर ही गाडी एक मीटरही चालत नाही. पाठीमागे ‘हायब्रिड’ लिहिलेलं असलं तरी वागणूक साध्या पेट्रोल गाडीची.

वरच्या व्हेरिएंटमधलं स्ट्राँग हायब्रिड ही दुसरीच चीज आहे. तीन सिलिंडरचं 92 पीएसचं इंजिन, सोबत 80 पीएसची मोटर, दोन्ही मिळून 116 पीएस. (92 आणि 80 ची बेरीज करू नका, बॅटरी मोटरला एका वेळी ठरावीकच वीज देऊ शकते.) गाडी निघते मोटरवर, आवाज न करता. कर्वे रोडच्या संध्याकाळच्या रांगेत दहा-दहा फूट पुढे सरकताना इंजिन बहुतेक वेळ बंदच असतं. ब्रेक दाबला की मोटर उलटी राबून बॅटरीत वीज भरते. प्लग लावून चार्ज करायचा प्रश्नच येत नाही, तशी सोयही नाही. गिअर बदलायचे नाहीत, क्लच नाही.

म्हणून कुणी म्हणालं ‘माझ्या हायब्रिडला 15 चंच पडतं’, तर आधी विचारा, कुठलं हायब्रिड? निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

आता माइल्ड घेण्याची खरी कारणंही सांगायला हवीत, कारण मी स्ट्राँगचा प्रचार करायला बसलेलो नाही. पहिलं, डिकी. स्ट्राँगची बॅटरी डिकीच्या फळीखाली बसते, त्यामुळे तळ वर येतो. माइल्डची डिकी 373 लिटरची, स्ट्राँगची 265 लिटरची. एवढा फरक ब्रोशरमध्ये नजरेत भरत नाही, गणपतीला निघताना भरतो. दोन मोठ्या बॅगा, बाळाची गाडी, आजीची वॉकर, मे महिन्यात येताना आंब्याच्या पेट्या, यातलं काहीतरी सीटवर किंवा कुणाच्या तरी पायाशी येतं. शोरूममध्ये जाताना घरातली सगळ्यात मोठी बॅग सोबत न्या आणि डिकीत आडवी ठेवून दार लावून बघा. सेल्समन दाखवतो ती डिकी रिकामी असते, आणि रिकामी डिकी सगळ्यांनाच मोठी वाटते.

दुसरं, फोर-व्हील ड्राइव्ह फक्त माइल्डमध्ये मिळतो. घरापर्यंतचा शेवटचा तुकडा लाल मातीचा चढ असेल आणि पावसाळ्यात तिथे चाकं फिरत बसत असतील, तर स्ट्राँगचं ॲव्हरेज तिथे कामाचं नाही.

‘28 चं ॲव्हरेज मिळतं’

कंपनीचा दाखल्याचा आकडा 27.97 आहे, तो खोटा नाही. पण तो प्रयोगशाळेत रोलरवर मोजलेला. वेग 90 च्या वर जात नाही, एसी बंद, गाडीत सासू-सासरे आणि सामान नाही. रस्त्यावर आकडा खाली येणार हे उघडच आहे. खाली येण्याची तऱ्हा मात्र लक्षात घेण्याजोगी आहे, कारण ती आपल्या सवयीच्या उलट आहे.

साध्या गाडीला गावात कमी आणि हायवेला जास्त पडतं. स्ट्राँग हायब्रिडची खरी कमाई गावात होते, जिथे वारंवार ब्रेक लागतात आणि वारंवार वीज परत येते. एक्स्प्रेस-वेवर शंभरच्या वेगाने सरळ जाताना ब्रेकच नाही, मग परत यायचं काय? इंजिन सतत चालू राहतं आणि गाडी बऱ्यापैकी कमी खाणाऱ्या पेट्रोल गाडीसारखी वागते. तोट्यात जात नाही, पण ज्या फरकासाठी जास्त पैसे मोजले तो तिथे आटतो. रोज हिंजवडी-कोथरूड करणाऱ्याने आणि आठवड्याला एकदा मुंबई-नाशिक करणाऱ्याने एकाच मेसेजवर गाडी घेऊ नये ती यासाठी.

घाटाचंही इथेच सांगतो. ‘उतारावर बॅटरी भरते, म्हणजे घाट फुकटात’ असं म्हणतात. हिशेब करून बघा. माणसं-सामान धरून 1600 किलोची गाडी 600 मीटर खाली उतरली तर सुमारे 2.6 युनिट ऊर्जा मोकळी होते. काही टायर आणि वारा खातात, तरी दीड युनिटच्या वर उरते. बॅटरीची सगळी क्षमता 0.76 युनिट, आणि यंत्रणा तिला पूर्ण भरूही देत नाही. म्हणजे कुंभार्लीसारखा घाट अर्धा उतरेपर्यंत बॅटरी तुडुंब. त्यानंतर गिअर लीव्हर ‘बी’वर घेतला की इंजिन पेट्रोल न जाळता नुसतं फिरतं आणि गाडीला मागे धरून ठेवतं. आवाज एकदम चढतो, नवखा माणूस घाबरतो, गाडी बिघडली म्हणून बाजूला घेतो. बिघडलेलं काही नसतं, ब्रेक गरम होऊ नयेत म्हणून हीच पद्धत योग्य आहे. चढताना पाच माणसं आणि भरलेली डिकी असेल तर लांब चढावर बॅटरी उतरते, भार 92 पीएसच्या इंजिनावर येतो आणि ते ओरडतं. गाडी चढते, निवांत नाही चढत. टेस्ट ड्राइव्ह शोरूमभोवतीच्या सपाट रस्त्यावर देतात, तुम्ही चढ मागा, आणि घरची माणसं मागे बसवून मागा.

‘दोन वर्षांत पैसे वसूल’

तुमच्या हातातल्या कोटेशनवरून वही-पेन घेऊन करायचा हिशेब आहे हा. स्ट्राँगची तुलना माइल्डच्या ऑटोमॅटिकशीच करा, मॅन्युअलशी नको. समजा ऑन-रोड फरक 2 लाखांचा आला, पेट्रोल 104 रुपये, शहरात माइल्डला 15 आणि स्ट्राँगला 22 पडतं असं धरू. वर्षाला 12 हजार किमी चालणाऱ्या घरात 800 लिटरच्या जागी 545 लिटर लागेल. वाचले 255 लिटर, म्हणजे साडेसव्वीस हजार रुपये. दोन लाख वसूल व्हायला साडेसात वर्षं. कर्जावर घेतली असेल तर त्या दोन लाखांचं व्याज वेगळं. तेच घर वर्षाला 25 हजार किमी शहरात चालवत असेल तर साडेतीन वर्षांच्या थोडं पुढे.

दोन वर्षांत वसूल व्हायला रोजच्या रोज जेवढं चालवावं लागेल तेवढं बहुतेक घरं चालवत नाहीत. वर्षाला आठ-दहा हजार किमी असेल आणि तुम्ही फक्त पेट्रोल वाचवायला स्ट्राँग घेत असाल, तर घेऊ नका असं मी स्पष्ट सांगेन. शांतपणा हवा, क्लचने गुडघा दुखतो, ट्रॅफिकमध्ये जीव मेटाकुटीला येतो, ही कारणं असतील तर जरूर घ्या. तीही चांगलीच कारणं आहेत, त्यांना वसुलीचं सोंग द्यायची गरज नाही.

‘आठ वर्षांनी बॅटरीला पाच लाख’

हा आकडा इलेक्ट्रिक गाडीच्या गोष्टीतून उचलून इथे चिकटवलाय. नेक्सॉन ईव्हीत 30 किंवा 45 युनिटची बॅटरी असते, इथे पाऊण युनिटची. चाळीस-साठ पटींचा फरक आहे. त्यातून यंत्रणा हिला कधी काठोकाठ भरत नाही आणि कधी तळाला जाऊ देत नाही, आणि त्यानेच आयुष्य वाढतं. दोन्ही कंपन्या बॅटरीवर 8 वर्षं किंवा 1.6 लाख किमी वॉरंटी देतात. वॉरंटी संपते त्या दिवशी बॅटरी मरते असा अर्थ कुठून काढला कोण जाणे. टोयोटा ही पद्धत 1997 च्या प्रियसपासून वापरते आहे, आजची नवलाई नव्हे. तरी धाकधूक असेल तर सर्व्हिस सेंटरच्या पार्ट काउंटरवर जाऊन त्या दिवसाची किंमत लेखी मागा.

खरा त्रास देते ती बॅटरी दुसरीच. प्रत्येक गाडीत असते तशी 12 व्होल्टची छोटी बॅटरी इथेही आहे, आणि ती उतरली की मोठी बॅटरी ठणठणीत असूनही गाडी चालू होत नाही. आजी-आजोबांसाठी गावी ठेवलेली, किंवा परदेशातून सुट्टीला येणाऱ्या मुलाच्या नावाची, आठवडेच्या आठवडे उभी राहणारी गाडी हायब्रिड घेऊ नये, याचं हे एक साधं कारण. घेतलीच तर शेजाऱ्याला आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवायला सांगा.

‘हायब्रिडला टोल माफ’

नाही. महाराष्ट्राच्या 2025 च्या धोरणातली अटल सेतू, मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वे आणि समृद्धीवरची माफी पूर्ण इलेक्ट्रिक गाड्यांना आहे. हायब्रिड पेट्रोलवर चालते, नोंदणीही तशीच होते, फास्टॅगमधून पैसे जाणारच. उत्तर प्रदेशाने 2024 मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला होता, ती बातमी इकडे ‘सरकारने हायब्रिडचा टॅक्स काढला’ म्हणून फिरली. आपल्याकडे दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला लागतो तोच 12 टक्के रोड टॅक्स लागतो. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी बदलला तेव्हाही या दोन्ही गाड्या, माइल्ड काय आणि स्ट्राँग काय, 40 टक्क्यांतच बसल्या. सेल्समनने ‘हायब्रिड म्हणून टॅक्समध्ये सूट’ असं तोंडी सांगितलं तर ती ओळ कोटेशनवर लिहून मागा आणि आकड्यात कुठे दिसते ते बोट ठेवून दाखवायला लावा.